आजारपणातून शिकायचं म्हणजे नेमकं काय? ताओच्या अंगानं चर्चा

टिळकवाडी_वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. आमच्या कट्ट्यावर पुढच्या महिन्यात लाओ त्झू आणि च्वांग त्झू या प्राचीन चिनी ताओवादी विचारवंतांवर दोन बैठका आहेत. त्यातल्या एकीचा विषय 'आजारपण आणि ताओ' (ताओ म्हणजे 'मार्ग') असा ठरलाय. नेटवर शोधलं की 'आजार ही शरीरानं पाठवलेली प्रेमाची चिठ्ठी' छापाचं गोडगोड फार सापडतं. ते नको आहे.

मूळ ग्रंथांत आजारपणाबद्दल कुठं काय म्हटलंय, आणि त्यातलं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला प्रत्यक्ष काय करता येतं, एवढंच हवंय. ऐकायला शिक्षक, शेतकरी, घर सांभाळणाऱ्या बायका असे सगळे असणार. बेळगाव-खानापूर भागात पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू, चिकुनगुनिया घरोघर असतो, म्हणून उदाहरणं त्याचीच चालतील. कुठं चूक होते तेही सांगा. 'ताओ म्हणजे काहीच करायचं नाही, मग गोळी कशाला' असं विचारणारे दोन-तीन जण हमखास येणार आहेत.

कणकुंबीचा_पाऊस

ताई (दादा असाल तर माफी), लाओ त्झूच्या नावावरच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथात ८१ प्रकरणं आहेत आणि 'आजार' हा शब्द जिथं खेळवलाय ते प्रकरण ७१. आपल्याला कळत नाही हे कळणं श्रेष्ठ, कळत नसताना कळतंय असं वाटणं हा आजार, आणि आजाराला जो आजार मानतो तो त्यामुळंच आजारी नसतो. चिनीत 'बिंग' हा एकच शब्द नाम म्हणूनही येतो आणि 'आजार मानणे' या क्रियापदासारखाही. म्हणून मूळ ओळ कोड्यासारखी वाजते. अर्थ मात्र रोखठोक आहे: पहिला धडा सहनशक्तीचा नाही, आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नुसतं वाटतंय हे वेगळं करण्याचा आहे.

हे करायला एक वही पुरते. पानावर मधे रेघ मारा. डावीकडं मोजलेलं: ताप किती आणि किती वाजता, पाणी किती पेले, लघवी किती वेळा, गोळी कुठली आणि कधी. उजवीकडं वाटलेलं: 'पोटात काहीतरी बिघडलंय', 'परवा पावसात भिजल्यामुळं झालं', 'आता बरं वाटतंय'. दोन दिवसांत दिसतं की उजवी बाजू भरभर भरते आणि डावी रिकामी राहते. डॉक्टरांना उपयोग डावीचा.

दुसरं प्रकरण १३. 'मला मोठी पीडा होते ती मला शरीर आहे म्हणून' हे वाक्य लोक उचलतात आणि शरीराचा तिरस्कार असा अर्थ लावतात. पुढं वाचतच नाहीत. त्याच प्रकरणाच्या शेवटी म्हटलंय की जो आपल्या शरीराला जगाइतकं मोलाचं मानतो, त्याच्या हाती जग सोपवावं. म्हणजे शरीर ही पीडेची जागा आहे आणि काळजीचीही. बैठकीत ही दोन्ही टोकं एकत्र वाचा.

आता प्रकरण २३, जे आपल्या भागाला फार जवळचं आहे. सोसाट्याचा वारा सकाळभर टिकत नाही, अवचित आलेला पाऊस दिवसभर टिकत नाही. आकाश-पृथ्वीलाही जोर फार वेळ टिकवता येत नाही, तर माणसाला कसा येईल? हे जांबोटीच्या माणसाला वाचून दाखवलंत तर तो हसेल. आषाढात तिकडं आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही. पण मूळ शब्द झडीसाठी नाही, वळवासाठी आहे. वळीव येतो, पत्रे उडवतो, तासाभरात ऊन पडतं. झड वेगळी. तिच्यात जोर कमी असतो, मुक्काम मोठा.

आजारही असेच दोन जातींचे. साधा विषाणूचा ताप हा वळीव. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी, मधुमेह, दमा ही झड. वळवात आडोसा धरून थांबायचं असतं. झडीत थांबून भागत नाही, भिजतच जगायची रीत बसवावी लागते. बहुतेक घोळ उलटं केल्यानं होतो. तीन दिवसांच्या तापात माणूस घाबरून चार दवाखाने फिरतो आणि तीन महिन्यांच्या सांधेदुखीत 'होईल आपोआप' म्हणून बसून राहतो. आणि हेही बघा, की लाओ त्झू शेवटी माणसाच्या जोराबद्दल बोलतोय, म्हणजे आपल्या सोसाबद्दल. वळवासारखा तोही टिकणारा नव्हता, हे ताप आल्यावर कळतं.

तुमच्या 'गोळी कशाला' वाल्यांसाठी प्रकरण १५ ठेवा. गढूळ पाणी कोण निवळवू शकतो? स्थिर ठेवून, सावकाश. निवांत पडलेल्यात जीव कोण आणू शकतो? हलवून, सावकाश. 'शू', म्हणजे सावकाश, हा शब्द दोन्ही ओळींत आहे. लोक पहिली ओळ भिंतीवर लावतात, दुसरी विसरतात.

मिरगात ओढ्याचं पाणी तांबड्या मातीनं लाल झालं की घरात काय करतात? हंड्यात तुरटी फिरवतात. चार-पाच वेढे, बस्स. मग हंडा हलवत नाहीत. रात्रभर ठेवतात, सकाळी वरचं पाणी अलगद काढतात, आणि हंडा तिरपा करत नाहीत, कारण तळाचा गाळ उठतो. (पाणी निवळलं म्हणजे जंतू मेले असं नाही, उकळायचं असतंच.) गोळी म्हणजे तुरटी. ती नाकारणं म्हणजे वू वेई (ओढूनताणून काही न करणं, ही ताओची शिकवण) नव्हे. तुरटी घातल्यावर दर अर्ध्या तासानं हंडा ढवळून 'निवळलं का' बघणं, ते वू वेईच्या विरुद्ध. दिवसातून आठ वेळा ताप मोजणं, शेजाऱ्यानं सांगितली म्हणून दुसरी गोळी, सकाळचा काढा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा, ही सगळी ढवळाढवळ.

फिजिओ_खानापूर_रोड

वरच्या उत्तराला जोडून प्रत्यक्षातलं लिहितो. तुरटीचा दृष्टांत मला पटला, कारण आपल्याकडचा 'सुई-सलाईन लावा' हा हट्ट म्हणजे ढवळणंच. तोंडानं पाणी, पेज, ताक पोटात टिकत असेल तर सलाईननं वेगळं काही साधत नाही. डेंग्यूत तर बरं होण्याच्या टप्प्यावर जास्तीचं सलाईन छातीत-पोटात साठून उलटा त्रास होऊ शकतो.

डेंग्यूसाठी बैठकीत एकच प्रकरण घ्यायचं तर ६४ घ्या: लोकांचं काम बहुधा पूर्ण होता होता बिघडतं, शेवटीही सुरुवातीइतकं जपलं तर बिघडत नाही. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो. ताप उतरल्यावर पुढचे २४ ते ४८ तास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, तो असतो. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, 'उतरला की ताप, आता काय', आणि माणूस उठून शेताकडं जातो. त्या दोन दिवसांत पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, फार सुस्ती किंवा अस्वस्थपणा, सहा तासांत लघवीच नाही, यातलं एक दिसलं तरी त्याच घटकेला दवाखाना. तिथं ताओ, योग, काढा काही मधे आणायचं नाही.

तापाला मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिग्रॅ, दोन गोळ्यांत किमान सहा तास. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, ते धरून बेरीज करा. नाहीतर नकळत दुप्पट जातं आणि यकृताला मार बसतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, म्हणजे 'अंगदुखीचं इंजेक्शन' नको. रक्त थांबायची यंत्रणा आधीच अडचणीत असते, ही औषधं तिला आणखी खाली ओढतात.

आता झड, म्हणजे चिकुनगुनियानंतरचे सांधे. प्रकरण ७६ म्हणतं, जिवंत असताना माणूस मऊ आणि लवचीक, मेल्यावर ताठ. हे वाचून लोक ताणायला लागतात आणि तिथंच फसतात. मऊ होणं आणि ओढून लांब करणं यात फरक आहे. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर ओढायचा नाहीच. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच बोटं उघडा-मिटा, दहा वेळा. घोटे फिरवा, दोन्हीकडं पाच-पाच. मग सोसवेल इतक्या कोमट पाण्यात हात दहा-पंधरा मिनिटं बुडवून आतल्या आत हलवा. (मधुमेहामुळं हातापायाची संवेदना कमी असेल तर पाणी दुसऱ्यानं कोपरानं बघावं. भाजलेलं कळत नाही.) यानंतरच घरातली कामं.

किती करायचं याला एक सोपं माप आहे. हालचाल थांबवल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांत पूर्वीवर आलं पाहिजे. नाही आलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचा ताठरपणा जास्त वेळ राहिला, तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर या, शून्यावर नको. चालणं पाच मिनिटांपासून, दिवसातून दोनदा. दुखणं मापात राहिलं तर दर दोन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. एका 'चांगल्या' दिवशी अर्धा तास चालून पुढचे तीन दिवस झोपून काढणं ही सगळ्यात नेहमीची चूक. आजार मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात ना, तर आपणही मुंगीच्याच पावलानं मागं यायचं.

हाताची कामं: भाकरी थापणं मनगटाला जड जातं, तेवढे दिवस दुसऱ्या कुणी थापावी किंवा भात-पेजेवर भागवावं. विळ्याच्या, झाडूच्या मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून ती जाड करा. मूठ जाड झाली की बोटांना कमी आवळावं लागतं. घागर अर्धीच भरा आणि दोन खेपा करा. प्रकरण ९ हेच सांगतं, काठोकाठ भरून सांभाळत बसण्यापेक्षा वेळीच थांबलेलं बरं. भात लावणीला वाकून उभं राहणं सगळ्यात शेवटी.

ताप नुकताच गेलेला असताना जोराचा व्यायाम, कबड्डी, तालीम हे नकोच. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. छातीत दुखणं, धडधड, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर आधी तपासणी.

निपाणी_पट्टा

सगळं बरोबर हाय, पण हे ऐकणारं कोण? पगारी रजा असलेला. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते, न वळलेल्या विडीला कोण पैसे देत नाही. तिला तुम्ही 'स्थिर राहा, सावकाश राहा' सांगणार? रोजंदारीवाल्यांना आजारातून मिळणारा धडा एकच, उसनवारी. च्वांग त्झूची ती निरुपयोगी झाडाची गोष्ट तर सांगूच नका. निरुपयोगी म्हणून झाड वाचलं, ठीक. आमच्याकडं निरुपयोगी माणूस घराला ओझं वाटतो.

कणकुंबीचा_पाऊस

निपाणीकर अण्णा, मुद्दा खरा आहे आणि बैठकीत तो पहिल्या दहा मिनिटांतच यायला हवा. दोन गोष्टी जोडतो.

च्वांग त्झूच्या चौथ्या प्रकरणात 'वाकडा शू' म्हणून एक जण आहे. हनुवटी बेंबीशी, खांदे डोक्याच्या वर. तो बसून राहत नाही. शिवणं-धुणं करून स्वतःचं पोट भरतो, धान्य पाखडून दहा जणांना पुरेल इतकं मिळवतो. सैन्यभरती आली की त्याला कोणी धरत नाही, सरकारी बिगारी आली की जुनाट दुखण्यामुळं सूट मिळते, आणि आजाऱ्यांना धान्य वाटतात तेव्हा त्याच्या वाट्याला तीन माप धान्य आणि दहा मोळ्या जळण येतं. म्हणजे गोष्टीत आजाऱ्यासाठी धान्याचं वाटप गृहीतच धरलंय. ते वाटप नसेल तर अर्धी गोष्ट गळून पडते. नुसत्या झाडाची गोष्ट सांगणारे हा भाग गाळतात, त्यामुळं तुमचा राग रास्त.

दुसरं, ताओ ते चिंगचं प्रकरण ७७. आकाशाची रीत धनुष्य ताणल्यासारखी, वरचं टोक खाली येतं, खालचं वर जातं. जास्त आहे तिथलं काढून कमी आहे तिथं घालते. माणसाची रीत उलटी, ज्याच्याकडं कमी त्याचंच काढून घेते. आजाऱ्याच्या घरात हे प्रकरण आजाऱ्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी आहे. एका कागदावर त्या बाईची दिवसभराची कामं लिहा: पाणी भरणं, भाकरी, धार काढणं, डेअरीला दूध घालणं, मुलांचा डबा, पानं भिजवून कापणं. मग तीन ढीग. रोज लागतंच आणि दुसऱ्या कुणाला जमतं. आठवडाभर नाही झालं तरी घर मोडत नाही. फक्त तिलाच जमतं. तिसरा ढीग सगळ्यांना मोठा वाटतो. कागदावर उतरवला की दोन-तीन कामांचाच निघतो. प्रकरण ४८ मध्ये आहे, विद्येत रोज भर पडते, ताओत रोज काहीतरी कमी होतं. तर पहिल्या दिवशी एक काम कमी करा, दुसऱ्या दिवशी आणखी एक. एकदम सगळं काढून घेतलं की ती ऐकत नाही, उठते.

मजुरी बुडते ती बुडतेच. त्याला ताओ ते चिंगमध्ये उपाय नाही.

टिळकवाडी_वाचनकट्टा

फार उपयोगी. आणखी दोन विचारते. तापात तोंडाला चव नसते, त्यावर काही? आणि श्वासाचे 'सहा ध्वनी' म्हणून एक प्रकार असतो, तो आजाऱ्याला चालतो का? अर्धे व्हिडिओ त्याचेच दिसतात.

मार्कंडेय_काठ

अक्का, चवीचं आधी. ताओ ते चिंगचं प्रकरण ३५: ताओ तोंडातून निघाला की फिका, चवच नाही. प्रकरण ६३: बिनचवीची चव घ्या. तापकऱ्याला हे शिकवावं लागत नाही, जीभच शिकवते. घरचे मात्र चव यावी म्हणून ठेचा, लोणचं, पापड पुढं करतात आणि मळमळ वाढवतात. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ ताओपंथीच होते. त्यांचा क्रम असा, की आधी अन्नानं बघावं, त्यानं नाही भागलं तर औषध. (आज डेंग्यूत हा क्रम चालणार नाही, दोन्ही बरोबर.)

पेजेसाठी उकडा तांदूळ एक वाटी, पाणी आठ ते दहा वाट्या, मंद आचेवर तांदूळ फुटेपर्यंत, मीठ शेवटी. नाचणीच्या आंबिलासाठी दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते कालवलेलं पीठ धारेनं सोडत ढवळा, सात-आठ मिनिटं शिजवा. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, कारण बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतलं कोरडंच राहतं. दर दोन तासांनी अर्धी वाटी. एकदम वाटीभर दिलं की उलटी. मधुमेह असेल तर पेजेनं साखर चढते, म्हणून मापात द्या आणि साखर तपासत राहा. खाणं बंद, उलट्या सुरू असं असेल तर नेहमीच्या गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका.

सहा ध्वनी: ताओ होंगजिंग (४५६ ते ५३६, हे आडनाव, 'मार्ग' अर्थाच्या ताओशी याचा संबंध नाही) यांच्या नावावरच्या ग्रंथात आहे, की श्वास आत घ्यायची रीत एक, सोडायच्या सहा. आज रूढ जुळणी अशी: श्यू यकृत, ह हृदय, हू प्लीहा, स्स फुप्फुस, छ्वे मूत्रपिंड, शी 'त्रिदाहक'. शेवटचा हा चिनी वैद्यकातला कल्पिलेला अवयव, शरीरशास्त्रात तो सापडायचा नाही. ध्वनी काढला म्हणून यकृत सुधारतं असं बैठकीत म्हणू नका. मिळतं ते एवढंच: श्वास सोडणं लांबतं, छाती-खांदे सैल पडतात, मन एका जागी बसतं. आजाऱ्याला तेवढंही पुष्कळ.

करायचं असं. टेकून बसा किंवा कुशीवर झोपा. श्वास नाकानं, नेहमीएवढाच. तोंडानं सोडताना ओठांचा आकार त्या ध्वनीचा, आवाज आपल्यालाही जेमतेम ऐकू येईल इतका. एका ध्वनीचे सहा श्वास, मधे दोन-तीन साधे. पहिल्या दिवशी एकच ध्वनी पुरे, 'स्स' किंवा 'हू'. व्हिडिओत बघून लोक मोठ्यानं, जोरानं फुंकतात. मग चक्कर येते, बोटांना-ओठांना मुंग्या येतात. लोकांना वाटतं शक्ती जागी झाली. प्रत्यक्षात जोरानं श्वास सोडल्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली गेलेला असतो. थांबा, साधा श्वास घ्या, दोन-चार मिनिटांत जातं. जोराचा ताप, दम्याचा झटका, छातीत दुखणं, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेलं असताना हे नकोच. श्वास रोखून धरायचा तर कधीच नाही.

खरं सांगायचं तर मी आजाऱ्याला सहा ध्वनींपेक्षा 'मनाचा उपास' सुचवेन. च्वांग त्झूच्या चौथ्या प्रकरणात आहे: कानानं ऐकू नको, मनानं ऐक, मनानंही नको, 'छी'नं म्हणजे प्राणशक्तीनं ऐक. अंथरुणावर जमेल असं रूप सांगतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत. डोळे मिटून बाहेरचे आवाज ऐका, कौलावरचा पाऊस, एसटी, शेजारचा मिक्सर, पण त्यांना नावं न देता. तीन-चार मिनिटं. मग ऐकणाऱ्या मनाची बडबड ऐका, तीही उत्तर न देता. शेवटी नुसता श्वास कुठं जाणवतो तिथं राहा. सगळं मिळून दहा मिनिटं. झोप लागली तर उत्तमच, तापकऱ्याला झोप हवीच असते. चूक एकच होते: लोक 'काही अनुभव आला का' तपासत बसतात. म्हणजे पुन्हा हंडा तिरपा.

कडोली_वेस

एक सावधगिरीची गोष्ट कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. ताओवाद म्हणजे फक्त लाओ त्झू-च्वांग त्झू नव्हे. इ.स. १४२ मध्ये झांग दाओलिंग यांच्यापासून जो 'दिव्य गुरूंचा' पंथ सुरू झाला, त्यात आजार म्हणजे पापाचं फळ असं मानत. आजाऱ्याला 'शांत खोलीत' बसवून आपले अपराध आठवायला लावत. कबुलीचे तीन कागद लिहीत: आकाशासाठी एक डोंगरावर ठेवत, पृथ्वीसाठी एक पुरत, पाण्यासाठी एक बुडवत. पाच माप तांदूळ द्यावे लागत. लहान अपराधाला प्रायश्चित्त म्हणून शंभर पावलं रस्ता दुरुस्त करायचा. (ही शेवटची प्रथा आपल्याकडं सुरू केली तर काही गावांचे रस्ते तरी होतील.)

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. 'देवीचा कोप', 'कुणाचं तरी काढून घेतलं असेल' हे सीमेच्या दोन्ही बाजूंना, मराठीत नि कन्नडात सारखंच बोललं जातं. 'आजारातून धडा' हा विषय निघाला की सभेत कुणीतरी हमखास धड्याचं रूपांतर शिक्षेत करतं. मग कॅन्सरच्या रुग्णाला 'तू राग गिळलास म्हणून' असं ऐकावं लागतं. ताई, बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाका: डास चावला म्हणून चिकुनगुनिया झाला. शिकायचं ते झाल्यानंतर कसं वागायचं याबद्दल.

आणि गोळीविरोधकांसाठी एक हुकमी पान. गे होंग (२८३ ते ३४३) हे ताओपंथातलं मोठं नाव. त्यांच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तिकेत थंडीतापावर छिंगहाओ ही वनस्पती मूठभर घेऊन पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा असं लिहिलंय. उकळून नव्हे, पिळून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना त्यावरून सुचलं की उष्णतेनं औषधी द्रव्य बिघडत असावं. त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ चं नोबेल. ताओपंथीयांनी औषध टाळलं नाही, औषध शोधलं. (दवणा त्याच वनस्पतीच्या कुळातला आहे, पण म्हणून दवण्याचा रस काढून पिऊ नका.)

चिनी वैद्यकाच्या प्राचीन 'पीत सम्राटा'च्या ग्रंथात तर आपलीच म्हण आहे: आजार झाल्यावर औषध म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. तेव्हा बॅरल, घागरी, सिमेंटच्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून आतून काथ्यानं घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी टिकतात. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचं माप. हे डास दिवसा चावतात, नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

टिळकवाडी_वाचनकट्टा

हे 'पाप-शिक्षा' प्रकरण सुरुवातीलाच घेते. एक शंका राहिली. आमच्यातले वारकरी मंडळी म्हणतील, तुकोबांनी 'आलिया भोगासी असावे सादर' सांगितलंच आहे, मग चीनला कशाला जायचं?

कणकुंबीचा_पाऊस

जाऊ नका, शेजारी शेजारी ठेवा. तुकोबांच्या त्याच ओळीचा पुढचा अर्धा भाग आहे 'देवावरी भार घालूनिया'. तिथं भार घ्यायला कुणीतरी उभा आहे. च्वांग त्झूच्या सहाव्या प्रकरणात त्झ यू नावाचा माणूस आजारानं वाकडातिकडा होतो, लंगडत विहिरीपर्यंत जाऊन पाण्यात स्वतःला बघतो. मित्र विचारतो, किळस येते का? तो म्हणतो, छे, का यावी? डाव्या हाताचा कोंबडा झाला तर पहाटे आरवीन, उजव्याचा गोफणगुंडा झाला तर भाजायला पाखरू पाडीन. भार कुणावर घालत नाही. भारच नाही म्हणतो. वारकऱ्यांना हा फरक दाखवा. त्यांच्यातलाच कुणीतरी दोन्हींतलं कुठलं जास्त अवघड ते सांगेल, आणि ती चर्चा तुमच्या-माझ्या तयारीपेक्षा चांगली होईल.

याच प्रकरणात पुढं त्झ लाय नावाचा दुसरा एक जण धापा टाकत पडलेला असतो, बायकापोरं भोवती रडत असतात. भेटायला आलेला मित्र त्यांना म्हणतो, 'हटा, बदल होतोय, त्याला दचकवू नका.' हे आपल्याकडच्या 'बघायला येणाऱ्यां'साठी वाचून दाखवाच. नारळ, केळी, बिस्किटपुडा घेऊन दिवसभर माणसं येतात आणि तापकऱ्याला उठून बसावं लागतं. वेळ ठरवा, संध्याकाळी पाच ते साडेपाच. पाहुण्यांना सोप्यात बसवा, आजारी माणूस आत. चहा घरच्यांनी करायचा नाही, शेजारणीनं करायचा. डेंग्यू-चिकुनगुनिया माणसाकडून माणसाला भेटीनं लागत नाही, पण तापाच्या दिवसांत त्याला चावलेला डास दुसऱ्याला देतो, म्हणून आजारी माणूस दिवसासुद्धा मच्छरदाणीत.

मार्कंडेय_काठ

आंबिलाचं एक राहून गेलं. ताक घालायचं ते आंबील कोमट झाल्यावर. उकळत्यात घातलं की फाटतं, आणि मग आजारी माणूस चव नाही म्हणत नाही, चव बिघडली म्हणतो.